मासा नसलेली टाकी

आमच्या बोईसरच्या घरी येणारा प्रत्येक जण हॉलमधल्या काचेच्या टाकीसमोर वाकतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो आणि विचारतो, "मासे कुठेत?" मासे नाहीत. कधीच नव्हते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी. तळाला चार बोटं वाळू, वर खारं पाणी, कोपऱ्यात एअर पंपाचे बुडबुडे. वाळूकडे जरा वेळ बघत राहिलं तर पाच ठिकाणी जोडीजोडीने बारीक भोकं दिसतात. त्या माझ्या तिसऱ्या. एका भोकातून पाणी आत घेतात, दुसऱ्यातून बाहेर सोडतात. बस, एवढंच. समोरच्या काकू पाच मिनिटं बघून म्हणाल्या, "लाइट गेल्यावर टाइमपासला बरं आहे."

तिसऱ्या म्हणजे त्याच, बाजारात वाट्यावर मिळतात त्या. कुणी शिंपल्या म्हणतं, कुणी शिवल्या. नोव्हेंबरात पालघरच्या बाजारात मी मावशींना म्हटलं, "जिवंत बघून द्या हं, पाळायच्यात." त्यांनी माझ्याकडे न बघता वाटा पिशवीत ओतला. "पाळ नायतर खा, पैशे तेवढेच." त्यातल्या पाच मी ठेवल्या, उरलेल्यांचं आईने एकशिपी केलं आणि मी दोनदा वाढून घेतलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला मी प्राणीप्रेमी वाटायला नको.

इंटरनेटवर 'क्लॅम' आणि 'अ‍ॅक्वेरियम' हे शब्द एकत्र शोधले की निळ्या-जांभळ्या मखमली ओठांच्या जायंट क्लॅम समोर येतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याला प्रकाश मिळाला की ते मालकिणीला अन्न पुरवतं. म्हणजे चांगला लाइट लावला की पाळणाऱ्याचं अर्धं काम झालं. आपल्याकडे त्या लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या प्रवाळात आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. घरात ठेवायचा प्रश्नच नाही. आमची तिसरी कुठल्याही अनुसूचीत नाही, तिची नोंद फक्त आईच्या वाटणात. रंग मातकट, राहणार वाळूत पुरून, आणि लाइटचा तिला काही उपयोग नाही. ती पाण्यात जे तरंगत असेल त्यावर जगते. तिला आपण खायला घालू शकत नाही, फक्त पाणी देऊ शकतो. ही गोष्ट मला वाचून कळली होती, पण तिचा अर्थ लागायला चार महिने गेले.

पहिला घोळ मिठाचा. आमच्या या पट्ट्यात मिठागरं आहेत, उन्हाळ्यात पांढरे ढीग लांबून दिसतात. मग मीठ आणा, पाण्यात ढवळा, झाला समुद्र, असं कुणालाही वाटेल. होत नाही. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा कॅल्शियम आधीच जिप्सम होऊन खाली बसतं. मग मीठ धरतं. मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात उरतं आणि ते पाणी काढून टाकतात. म्हणजे ढिगात जे राहतं ते आपल्या आमटीसाठी उत्तम, पण ते विरघळवून समुद्र परत मिळत नाही. तिसरीला कवच बांधायला कॅल्शियम लागतं. म्हणून मिठागरांच्या शेजारी राहून मी क्रॉफर्ड मार्केटमधून परदेशी बनावटीचं मीठ आणतो, लिटरला तीस ग्रॅमच्या हिशेबाने, वजनकाट्यावर मोजून. आईच्या मते हा माझ्या पगाराचा पुरावा आहे. टाकी आधी महिनाभर रिकामी चालवून त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू द्यावे लागतात. यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, मी पुढे जातो.

दुसरा घोळ खाण्याचा, आणि तो कधीच संपत नाही. मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या एका मित्राने कीटोसेरॉस नावाच्या एकपेशीय शैवालाची बाटली दिली. हॅचरीत शिंपल्यांच्या पिल्लांना हेच देतात. आता आमच्या बाल्कनीत पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्या, एक ट्यूबलाइट आणि थोडं खत, अशी माझी शेती आहे. बाटलीतलं पाणी दहा दिवसांत चहासारखं तपकिरी होतं. रात्री नऊला दोन पेले टाकीत ओतायचे. पाणी गढूळ होतं, समोरची भिंत दिसेनाशी होते. सकाळी उठून बघावं तर नितळ. पाच जणींनी मिळून पंचेचाळीस लिटर पाणी रात्रभरात अंगातून काढलेलं असतं. मध्यम आकाराची तिसरी तासाला लिटरच्या मागेपुढे पाणी गाळते. डोळे नाहीत, डोकं नाही, सुट्टी नाही.

पण नितळ पाणी म्हणजे पोट भरलं असं नाही. शिंपल्यांच्या बाबतीत फसवणारी गोष्ट हीच, की त्या उपाशी मरतात ते दिसत नाही. मासा पोट खपाटीला गेलं की दिसतो, कुत्रा ओरडतो. तिसरी आपलंच मांस वापरत महिनोन्‌महिने तशीच बसते, दोन भोकं काढून, आणि एक दिवस कवच उघडं पडतं. आत जवळजवळ काहीच नसतं. म्हणून मी प्रत्येकीच्या कवचाच्या कडेला कानशीने बारीक खाच पाडली होती. कवच कडेनेच वाढतं, त्यामुळे खाचेपुढे किती भर पडली ते मोजता येतं. आम्ही सर्व्हरच्या ज्या लॉग फायली ठेवतो तसंच हे: शेवटी ओळ जोडता येते, मागचं काही खोडता येत नाही. आइसलँडजवळ २००६ साली मिळालेल्या एका शिंपलीच्या कवचावरची वलयं मोजून तिचं वय ५०७ वर्षं ठरलं. मोजायला तिला बाहेर काढलं आणि बोटीवर गोठवलं, तेव्हा ती मेली. विज्ञानातली काही वाक्यं अशी असतात की ती वाचून लॅपटॉप थोडा वेळ मिटावासा वाटतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझ्या पाच खाचांपुढे शून्य भर पडली.

या काळात मी दुसरं एक काम करून ठेवलं होतं. माझी नोकरी म्हणजे दुसऱ्यांचे सर्व्हर चालू आहेत ना हे बघत बसणं. कुठला सर्व्हर गप्प झाला की रात्री अडीचला माझा फोन वाजतो. त्यामुळे टाकीत पाच जीव असून एकाचाही ग्राफ नाही हे मला सहन होईना. चाचणी आईने शिकवली होती, तिला ती शिकवल्याचं माहीत नाही. धुताना ती उघड्या तिसरीवर नखाने टकटक करते. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकून दे. जिवंतपणाची खूण म्हणजे मिटण्याची ताकद. मग प्रत्येक तिसरीच्या एका शिंपेवर तीन मिलिमीटरचं लोहचुंबक आणि दुसऱ्या शिंपेवर हॉल सेन्सर चिकटवला. कवच उघडलं की चुंबक लांब जातं, आकडा बदलतो. सेन्सर वीस रुपयांच्या आत मिळतो. खरी मेहनत त्याला इपॉक्सीत पुरता बुडवण्याची, कारण तांबं पाण्यात उतरलं तर शिंपल्यांना ते विष आहे. पाच तारा, एक ईएसपी-३२ बोर्ड, दर मिनिटाला एक नोंद.

पहिल्या आठवड्याचा ग्राफ बघून मी मीटिंग म्यूट केली. पाचही रेषा दिवसातून दोनदा वर चढत होत्या आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकत होत्या. ज्याला समुद्राशी देणंघेणं आहे त्याला हे लगेच कळेल. मला कळायला बाजारातल्या मावशी लागल्या. आम्ही मूळचे जळगावकडचे. भरती-ओहोटी हा माझ्यासाठी भूगोलाचा धडा. एकदा मी ताज्या तिसऱ्या कधी येतील विचारलं तर मावशी म्हणाल्या, "तिथी बघून ये." अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप आत जातं, जास्त वाळू उघडी पडते, तिसऱ्या भरपूर निघतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हटत नाही, टोपली अर्धी. आणि भरतीची वेळ? "तिथीची पाऊणपट कर." चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला.

घरी येऊन मी हे ताडून पाहिलं. तीस तिथींत भरती पूर्ण चोवीस तास फिरते, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. खरं तर चार पंचमांश घ्यायला हवं. पण टोपली डोक्यावर घेऊन तोंडी चार पंचमांश कोण करणार? पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक साचते आणि पुन्हा एकपासून मोजायला लागलं की ती आपोआप पुसली जाते. मी आजवर लिहिलेला कुठलाही कोड इतक्या ऐटीत चुकलेला नाही.

समुद्रापासून आठ-दहा किलोमीटर आत, चौथ्या मजल्यावर, नळाच्या पाण्यात परदेशी मीठ कालवून केलेल्या टाकीत पाच तिसऱ्या खाडीची वेळ पाळत होत्या. फ्रँक ब्राउन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९५४ साली न्यू हेवनच्या किनाऱ्यावरची कालवं समुद्रापासून दूर इव्हान्स्टनला नेली होती. दोनेक आठवड्यांनी ती तिथे समुद्र असता तर ज्या वेळेला भरती आली असती त्या वेळेला उघडू लागली, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आकडेमोडीवर पुढे बरेच वाद झाले. माझ्याकडे एक टाकी, पाच जीव, मी कसला वाद घालणार? शिवाय माझ्या तिसऱ्यांनी तो ताल दोन आठवड्यांत सोडला. रेषा हळूहळू पसरट झाल्या आणि मग एकच उंचवटा उरला, रात्री नऊचा. खाडीची वेळ जाऊन माझी वेळ लागली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

खाचा मात्र जागच्या जागीच. मित्र म्हणाला, एकाच प्रकारच्या शैवालावर भागत नाही, खाडीच्या पाण्यात शंभर गोष्टी असतात, दर आठवड्याला थोडं खरं पाणी घाल. घालतो की. पण कुठलं?

इथे बाबा येतात. बाबा १९९५ साली तारापूर एमआयडीसीत नोकरीला आले. सत्तावीस वर्षं एका केमिकल कंपनीत होते, त्यातली शेवटची अकरा ईटीपीवर, म्हणजे कंपनीचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी जिथे साफ होतं तिथे. माझी इंजिनिअरिंगची फी त्या पगारातून गेली. हे वाक्य गाळता आलं असतं, पण मग पुढचं लिहिता येत नाही.

तारापूरबद्दल जे जगजाहीर आहे तेवढं सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक वसाहतींत तारापूर सगळ्यात वर होतं, गुण ९३.६९. वर म्हणजे वाईट. इथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने नवापूरकडे समुद्रात जातं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाई भरायला सांगितलं. मासेमारी करणाऱ्यांच्या संघटनेने हे केलं, आमच्यासारख्या नोकरीसाठी आलेल्यांच्या नाही.

मी बाबांना नकाशा दाखवून विचारलं, पाणी कुठून आणू? त्यांनी चष्मा लावला. एका खाडीवर बोट ठेवून म्हणाले, "इथलं नको." मग दुसऱ्या. "इथलंही नको." कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बोट दक्षिणेला सरकत गेलं. "केळव्याच्या बाजूला जा. उधाणाच्या दिवशी, पाणी चढत असताना भर. बाहेरचं पाणी आत येतं तेव्हा." बाबांनी आयुष्यात समुद्रात पाय भिजवण्यापलीकडे काही केलेलं नाही. तरी कुठल्या खाडीत कधी काय असतं याचा असा नकाशा त्यांच्या डोक्यात होता आणि तो सत्तावीस वर्षांत एकदाही घरात निघाला नव्हता.

तेव्हापासून पंधरा दिवसांनी स्कूटरवर वीस-वीस लिटरचे दोन कॅन. थोडं टाकीत, बाकीचं अंधारात झाकून. एप्रिलअखेर दोन नंबरच्या तिसरीच्या खाचेपुढे फिकट पांढरी रेघ आली होती. दीड मिलिमीटर. मी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवली. ती म्हणाली, "नखाएवढीपण नाही." मग थांबून म्हणाली, "म्हणजे पाण्यात जे असेल ते यांच्या अंगात उतरतं?"

उतरतं. त्यावर जगभर एक शास्त्रच उभं आहे. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली मांडलं, की समुद्र किती बिघडलाय हे पाहायचं तर पाण्यापेक्षा शिंपले तपासा. पाणी आज इथे, उद्या तिथे. शिंपला एका जागी बसून जे येईल ते गाळतो आणि शिसं, कॅडमियमसारखे धातू अंगात साठवत जातो. अमेरिकेत १९८६ पासून असा कार्यक्रम चालू आहे. वॉर्सा शहराने तर याच्यापुढे जाऊन विस्तुला नदीच्या पाणीउपशावर आठ शिंपले बसवलेत, कवचांवर सेन्सर लावून. ते एकदम मिटले की पुरवठा बंद होतो. तीन महिन्यांनी त्यांना परत सोडतात, कारण त्यांना त्या पाण्याची सवय होते. हे वाचलं तेव्हा मला आपण काहीतरी नवीन केल्याचा जो भ्रम होता तो गेला.

आईने पुढच्या खेपेला बाजारात मावशींना विचारलं, "या कुठल्या हो?" मावशींनी हातातला कोयता खाली ठेवला. "समुद्रातल्या. तुम्ही सगळी असं इच्यारता आणि मग कोणी घेत नाय. घाण आम्ही नाय सोडली." आईकडे उत्तर नव्हतं. तिने वाटा घेतला. घरी आम्ही तिघांनी तो खाल्ला आणि जेवताना कुणी विषय काढला नाही. आम्ही नेहमीपेक्षा कमी घेतो आता, हेही खरं. मावशींच्या टोपलीला आमच्या या शहाणपणाचा काय उपयोग, ते मला सांगता येत नाही.

मे महिन्यात एका खेपेचं पाणी घातल्यावर वीस मिनिटांत पाचही रेषा खाली गेल्या आणि सपाट झाल्या. खारटपणा तपासला, बरोबर. पीएच बरोबर. अमोनिया शून्य. तापमान ठीक. पाणी त्याच जागेचं, त्याच पद्धतीने भरलेलं, रंग-वास काही नाही. मिटलेली तिसरी प्राणवायूशिवाय बराच वेळ काढू शकते, एक-दोन दिवससुद्धा. निम्मं पाणी काढून नवीन मीठपाणी भरलं. एकतीस तास सगळ्या मिटून होत्या. मग एक नंबर केसभर उघडली, मागोमाग दोन आणि पाच, सकाळी तीन. चार नंबर उघडली ती मिटण्यासाठी नाहीच. आईने नखाने टकटक करून पाहिलं आणि मान हलवली.

काय होतं त्या पाण्यात? शैवालाचा एखादा विषारी बहर असेल. बोटीचं तेल असेल. आणखी काही असेल. माझ्याकडचे कीट पाच-सहा गोष्टी मोजतात, समुद्रात हजारो असतात. ग्राफ फक्त कधी ते सांगतो, का ते सांगत नाही.

त्या एकतीस तासांत बाबा बराच वेळ लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून बसले होते. सपाट रेषा बघत. रात्री बाराच्या सुमारास म्हणाले, "आमच्याकडे पण इनलेटला अलार्म होता. पीएच घसरला की वाजायचा."

"मग?"

"सारखा वाजायचा. शेवटी कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली."

कुणी, ते मी विचारलं नाही. या वेळी न विचारणं मला जड गेलं. ते उठून पाणी प्यायले, टाकीत वाकून बघितलं, झोपायला गेले.

टाकीत आता चार आहेत. पावसाळा लागला की खाडीत गोडं पाणी उतरतं, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत कॅन बंद, बाटल्यांतल्या शेतीवरच भागवायचं. चार नंबरची शिंप मी धुऊन ठेवली आहे, खाचेपुढे एक मिलिमीटर. बाबांनी त्यांच्या फोनवर ग्राफ उघडायची लिंक मागून घेतली. चारपैकी तीन तिसऱ्या चार तास मिटलेल्या राहिल्या की मला मेसेज येतो, अशी मी सोय केली होती. परवा जेवताना ते म्हणाले, "चार तास फार झाले रे. दोन ठेव. आणि मेसेज मलापण येऊ दे." मी म्हटलं, रात्री-अपरात्री वाजेल, उगाचच वाजेल कितीदा.

"वाजू दे," ते म्हणाले आणि ताकाचा पेला पुढे केला.